बोरसे सरांनी शब्द टाकला

बोरसे सरांनी आयुष्यात कुठलंही काम केलं नाही, त्यांनी फक्त शब्द टाकले. कुणाच्या बदलीसाठी शब्द टाकला, कुणाच्या ॲडमिशनसाठी टाकला, कुणाच्या जमिनीच्या मोजणीसाठी टाकला. त्यातला एखादा शब्द कधी उगवला असेल तर तो पावसापाण्याने उगवला, सरांच्या मेहनतीने नाही. तरी धुळ्यातली निम्मी माणसं त्यांना वचकून असत, कारण हा माणूस कुणाला ओळखतो आणि कुणाला नाही, याचा नेमका पत्ता कुणालाच नव्हता.

आमच्या कॉलेजात मी एमबीएच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. बोरसे सर माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. कधीकाळी ते मार्केटिंग शिकवत असत म्हणे. मी आले तेव्हा ते काहीच शिकवत नव्हते, ते प्लेसमेंट सेलचे प्रमुख होते. म्हणजे मुलांना उन्हाळ्याची इंटर्नशिप आणि पुढे नोकरी मिळवून देणं हे त्यांचं काम. आमच्या केबिनी शेजारीशेजारी, मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे त्यांचं सगळं कर्तृत्व मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

सर फोनवर बोलत ते स्पीकरवरच. दोन बोटांत फोन ताटासारखा आडवा धरायचा, समोर विद्यार्थी उभा हवा, आणि मग नंबर लावायचा. एकदा एका मुलासमोर त्यांनी "बँकेच्या मॅनेजर साहेबांना" फोन लावला. "साहेब, बोरसे बोलतोय" म्हणताच पलीकडून आवाज आला, "बोला सर. मी खाली गाडी धुतोय, साहेब वर आहेत." साहेबांच्या ड्रायव्हरचा नंबर सरांनी साहेबांच्या नावाने सेव्ह केला होता. दुसरा कुणी असता तर मेल्याहून मेल्यासारखा झाला असता. सरांनी शांतपणे फोन ठेवला आणि मुलाला म्हणाले, "पाहिलं? त्यांच्या घरापर्यंत आपला वावर आहे."

बायोडेटा नावाची वस्तू त्यांनी कधी उघडून वाचली असेल असं मला वाटत नाही. मार्क, प्रोजेक्ट, मुलाला काय येतं, यातलं काहीही ते विचारत नसत. आडनाव, तालुका, मामाचं गाव आणि शेवटी तो प्रश्न. मुलं शहरातली असली तर "तू कोणाचा?" खेड्यातली असली की सरांना एकदम मातीची ओढ लागायची. "तू कोना पोऱ्या शे?" अहिराणी त्यांच्या घरात कुणी बोलत नव्हतं. मुलांना इंग्लिश मीडियममध्ये घातलं होतं आणि बायको नाशिकची. ही भाषा त्यांनी फक्त माणसं घोळात घेण्यासाठी ठेवली होती, लोक पाहुण्यांसाठी वेगळे कप ठेवतात तशी.

'कोणाचा' याचं उत्तर भक्कम असेल तर काम सोपं होतं. सराफाचा मुलगा जळगावच्या सराफाकडे, पतसंस्थेच्या चेअरमनचा पुतण्या पतसंस्थेत. जे आधीच व्हायचं होतं ते सर स्वतःच्या नावावर मांडून घेत. ज्यांचं कुणीच नाही, अशांना ते "शब्द टाकतो" म्हणून बसवून ठेवत. आदल्या वर्षी अशीच बसलेली दोन मुलं अखेर एका पतसंस्थेत गेली आणि वार्षिक सभेत सभासदांना पाणी वाटून परत आली. सर्टिफिकेटावर 'वित्तीय विश्लेषण' असं लिहिलेलं होतं.

जयश्री त्यांच्यासमोर उभी राहिली तो दिवस मला पार्टिशनपलीकडून ऐकू आला. साक्री तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावची मुलगी, वडिलांची पिठाची गिरणी. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि ताळेबंद पाहताना तिची मान अशी तिरकी व्हायची, की समोरचा खोटं बोलतोय हे तिला आधीच कळलंय असं वाटावं.

"तू कोनी पोर शे?"

तिने वडिलांचं नाव सांगितलं.

"ते झालं. पण घरात कोण आहे? बँकेत, झेडपीत, पोलिसात?"

"कोणी नाही सर."

"मामा?"

"मामांचं सायकलचं दुकान आहे."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "बरं. थांब मग. काहीतरी बघू." डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून बोलतात तो सूर.

जयश्री थांबली नाही. तिला पतसंस्थेत पाणी वाटायचं नव्हतं. जळगावला छोट्या कारखान्यांना कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीचं ऑफिस होतं. ते दर उन्हाळ्यात दोन मुलं घेत आणि बरी वाटली तर पुढे नोकरीतही ठेवत. तिला तिथेच जायचं होतं. तिने मला विचारलं, "मॅडम, ओळख नसली तर काय पाठवायचं?" मी म्हटलं, "काम पाठव. त्यांचंच काम करून पाठव."

एवढ्या एका वाक्यावर ती पोरगी नरडाण्याला गेली. एमआयडीसीत बारदानाचा कारखाना असलेल्या एका मारवाडी शेठजींच्या गेटवर जाऊन बसली. वॉचमनने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा शेठजीच गाडीतून उतरले आणि काय पाहिजे म्हणाले. ही म्हणाली, "तुमचे तीन वर्षांचे हिशेब बघायचेत." शेठजी इतके हसले म्हणे, की त्यांनी तिला आत नेऊन चहा पाजला आणि गंमत म्हणून कागद समोर ठेवले. ती आठवडाभर रोज बसने जाऊन ते वाचत होती. मग तिने एक टिपण लिहिलं: या कारखान्याला कर्ज द्यावं का आणि किती. तिचं म्हणणं होतं की द्यावं, पण मागतील तेवढं देऊ नये, कारण त्यांचा पैसा दोन मोठ्या गिऱ्हाइकांकडे अडकून पडलाय. हे टिपण शेठजींना दाखवून, त्यांच्या परवानगीने, तिने जळगावला पाठवून दिलं.

तिथल्या ऑफिसचे प्रमुख अहिरराव साहेब. त्यांनी बोलावलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "हे त्या मालकाला माहीत आहे का, तुम्ही कमी कर्ज द्या म्हणताय ते?" जयश्री म्हणाली, "त्यांना दाखवूनच पाठवलंय सर. ते रागावले, पण चूक आहे असं म्हणाले नाहीत." अहिररावांनी तिथल्या तिथे निवड झाल्याचं सांगितलं. पत्र आठवड्याभरात येईल म्हणाले. ती जळगावहून थेट कॉलेजात आली, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि दोन मिनिटं नुसती हसत राहिली. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या नोकरीचाही झाला नव्हता.

ही बातमी बोरसे सरांना कळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना राग आला नव्हता. एखाद्याच्या घरी लग्न उरकलं आणि आपल्याला पत्रिकाही नाही, तसं काहीतरी झालं होतं.

"परस्पर?" ते मला म्हणाले.

"मग काय वाजतगाजत जायचं होतं?"

"तसं नाही मॅडम. पण तोंडी निवडीला काय अर्थ आहे? पत्र हातात पडेपर्यंत मधे दहा जण शब्द टाकतील. आपल्याकडून नको का कोणी?"

मी म्हटलं, "सर, कृपा करा आणि यात पडू नका." हे वाक्य मी स्पष्ट मराठीत उच्चारलं होतं.

त्या रविवारी जामनेरला अहिररावांच्या पुतण्याचं लग्न होतं. जामनेर माझं माहेर, मी आईकडे निघाले होते. सरांना ते कसं कळलं कोण जाणे, सकाळी ते माझ्या गाडीपाशी उभे. स्वतःची गाडी ते लांबच्या लग्नाला कधी नेत नसत. वाटेत त्यांनी माझं माहेर, माझ्या आईचं माहेर आणि माझ्या सासूचं माहेर असं सगळं विचारून घेतलं आणि पारोळ्यापर्यंत मी त्यांच्या मावसभावाच्या सासुरवाडीची निघाले. त्यांना त्याचा केवढा आनंद. मी एसी वाढवला.

आमच्याकडच्या लग्नात माइकवर एक माणूस असतो. नवरानवरीपेक्षा त्याचंच काम जास्त. कोण कोण आलं, त्यांची नावं, पदं, गावं तो अखंड पुकारत असतो. नाव पुकारलं गेलं नाही तर लोक जेवल्याशिवाय परत जातात आणि पुढची दहा वर्षं ते उकरून काढतात. बोरसे सर मांडवात शिरले की आधी यजमानाला भेटत नसत, त्या माइकवाल्याला भेटत. खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या हातात देत. मग पाच मिनिटांनी मांडवभर आवाज घुमे, "धुळ्याहून खास उपस्थित राहिलेले शिक्षणमहर्षी प्राध्यापक बोरसे सर यांचं परिवाराकडून सहर्ष स्वागत." आणि सर चकित झाल्यासारखे इकडेतिकडे बघत हात जोडत. स्वतःच्या हस्ताक्षरातलं स्वागत ऐकून दर वेळी नव्याने चकित होणं, ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

मी आईला घेऊन लग्नाला गेले होते. वरण-बट्टीच्या पंगतीत माझा नंबर लागत होता. पुढच्या सोफ्यावर कंपनीचे नाशिकचे मोठे साहेब बसले होते, अहिररावांचे वरिष्ठ. अहिरराव त्यांच्यापुढे अदबीने उभे. सरांचं स्वागत पुकारून झालं आणि माइकवाल्याने दुसरी चिठ्ठी उघडली.

"आनंदाची बातमी. आपले अहिरराव साहेब यांची भाची कुमारी जयश्री हिची साहेबांच्याच कंपनीत निवड झाल्याबद्दल मामा-भाचीचं हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, प्राध्यापक बोरसे सर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे भाचीचं भलं झालं की मांडवातलं कुणीही टाळी वाजवतं. अहिररावांनी वळून माइककडे पाहिलं आणि मग मोठ्या साहेबांकडे. मोठे साहेब तेवढे टाळी वाजवत नव्हते.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "ती त्यांची भाची कधी झाली?"

"अहो, अहिररावांच्या आईचं गाव आणि जयश्रीच्या आईचं गाव, शिवेला शीव लागून. त्या गावची पोर ती भाचीच की. नातं काढलं की निघतं."

"आणि कंपनीला साहेबाचं नात्यातलं माणूस चालत नसेल तर?"

सर खळखळून हसले. नात्यातलं माणूस चालत नाही, असं ऑफिस या पृथ्वीवर असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. मी त्यांना धुळ्यात चौफुलीवरच उतरवलं. घरापर्यंत सोडायची माझी इच्छा मेली होती.

चालत नव्हतंच. साहेबाच्या नात्यातलं कुणी त्याच्या हाताखाली घ्यायचं नाही असा कंपनीचा कडक नियम होता, आणि निवड करताना तसं कुणी नाही असं अहिररावांनी लिहूनही दिलं होतं. सोमवारी जयश्रीला फोन आला: तुम्ही नातं लपवलंत, निवड रद्द. तिने अहिररावांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. आता त्यांना स्वतःची नोकरी सांभाळायची होती. मग या मुलीने नाशिकच्या मोठ्या साहेबांचा नंबर शोधला आणि त्यांनाच लावला. रडली नाही, नीट सगळं सांगितलं. तो माणूस न्यायाचा असावा. म्हणाला, "ज्यांनी हे जाहीर केलं त्या सरांनी मला फोनवर एकदा सांगावं की नातं नाही. मग मी तुमच्या नावाचा पुन्हा विचार करीन."

एवढंच हवं होतं. दोन अक्षरांचा एक शब्द, 'नाही'. जन्मभर शब्द टाकत आलेल्या माणसाकडे पहिल्यांदा कुणीतरी खरोखर शब्द मागत होतं.

सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. सरांना मी आधी नीट समजावून सांगितलं होतं आणि ते मान हलवत होते. फोन अर्थातच स्पीकरवर. जयश्री टेबलाची कड धरून उभी.

"प्राध्यापक साहेब, मी एकच विचारतो," नाशिकचे साहेब म्हणाले. "ही मुलगी अहिररावांची नातेवाईक आहे का?"

"साहेब, नमस्कार. आपल्याशी प्रत्यक्ष बोलायचा योग आला, फार बरं वाटलं. जामनेरला गडबडीत भेट राहून गेली."

"आहे का नातेवाईक?"

सरांनी जयश्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान जोरजोरात आडवी हलवत होते. आणि मला दिसलं की हा माणूस खरंच अडकलाय. नाही म्हणायचं म्हणजे, मी मांडवात खोटं बोललो, माझी अहिररावांशी काही ओळख नाही, असं एका मोठ्या साहेबाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

"आता नातं म्हणजे कसं आहे साहेब," सर म्हणाले, "आपल्या खान्देशात सगळे एकमेकांचे काही ना काही लागतातच."

"हो की नाही?"

"आता मी नाही कसं म्हणू?"

पलीकडून फोन बंद झाला. सरांनी तो हळूच खिशात ठेवला आणि जयश्रीला म्हणाले, "बघ, एवढा मोठा माणूस विचारत होता, तरी तुझं नातं मी तोडलं नाही."

मी तेव्हा त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. पार्टिशनपलीकडे बाकीच्या स्टाफने ऐकलं आणि मला त्याचं काही वाटत नाही. रात्री मी त्या साहेबांना सविस्तर मेल लिहिला. उत्तर सभ्य होतं. जागा भरली होती.

जयश्रीने ते दोन महिने नरडाण्याला शेठजींच्या कारखान्यात काढले. शेठजींनी स्वतःहून बोलावलं. काम तिने तिथेही मन लावून केलं, पण ती कंपनी हातची गेली ती गेली. निवड रद्द झाल्याचं तिने घरी सांगितलं नाही. कंपनीनेच नरडाण्याला पाठवलंय, असं सांगून ती बसने जात राहिली.

इंटर्नशिपची तोंडी परीक्षा होती त्या दिवशी तिचे वडील, आबा, तिच्याबरोबर साक्रीहून आले. पांढरा पायजमा, वर इस्त्रीचा सदरा, भुवयांत पिठाची बारीक पूड. हातात पिशवी. कॉलेजच्या ग्रुपवर बोरसे सरांनी टाकलेला निरोप गावातल्या कुणीतरी त्यांना वाचून दाखवला होता: आमच्या प्रयत्नांनी जयश्रीची जळगावच्या नामांकित कंपनीत निवड. सोबत तिचा फोटो. हा मेसेज सरांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी टाकला होता आणि नंतर काढण्याचे कष्ट घेतले नव्हते.

परीक्षा संपून आम्ही सगळे व्हरांड्यात उभे होतो. आबा थेट सरांपुढे गेले. पिशवीतून शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि वाकले.

"सर, तुमना मुये पोरनं भलं व्हयनं. आमनं कोनी नव्हतं."

सरांनी त्यांना वाकू दिलं. मग खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "अहो आबा, आपलीच पोर शे."

जयश्री पुढे झाली. मला वाटलं आता तिचा आवाज चढणार. ती हळूच बोलली.

"आबा, ते माले मियनं व्हतं. या सरस्ना मुये गयं. मी तुमले सांगं नही."

मिळालेलं या सरांमुळे गेलं, हे ऐकून आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. आपण कुणापुढे वाकलो हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. जयश्रीने नारळ परत घेण्यासाठी हात पुढे केला, तशी आबांनी तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे माय. देल नारय परत लेतस नही."

सरांना नारळ तिथल्या टेबलावर ठेवता आला असता. शाल काढता आली असती, निदान मान खाली घालता आली असती. त्यांनी घड्याळ पाहिलं, मला एका ठिकाणी जायचंय म्हणाले आणि निघाले. आबांनी जयश्रीचं मनगट अजून सोडलं नव्हतं. पायऱ्या उतरताना सरांनी तो नारळ कानाशी धरला आणि आत पाणी आहे का ते हलवून पाहिलं.